साहेब बाहेर गेलेत!

“साहेब बाहेर गेलेत.”

परंड्यातल्या आमच्या समुपदेशन केंद्राच्या दारात उभी राहून पहिल्या तीन महिन्यांत मी हे वाक्य किती बायांना ऐकवले, त्याची मोजदाद नाही. सुरुवातीला सांगताना ओशाळल्यासारखे होई. मग सवय झाली. पुढे पुढे तर बाया विचारेनाशाच झाल्या. पायरीपाशी चपला काढण्याआधीच आत डोकवायच्या, खुर्ची रिकामी दिसली की एकमेकींना म्हणायच्या, “आज बी न्हाईत वाटतं,” आणि आल्या पावली परत फिरायच्या. आनाळ्याहून, आसूहून, शेळगावहून आलेल्या या बाया. एसटीला आता निम्मे तिकीट असले तरी दिवसाची मजुरी पुरतीच बुडते. मजुरी बुडवून आलेली बाई रिकामी खुर्ची बघून परत जाते, आणि आम्ही महिन्याच्या अहवालात ‘केंद्र नियमित सुरू’ असे लिहितो!

वरचेवर गैरहजर असणाऱ्या साहेबाशी कसे जुळवून घ्यावे याचे सल्ले मला पुष्कळ मिळाले. नवी नोकरी आहे, सहा महिने गप्प बस. फोनवर विचारून घेत जा. डोक्यावर कोणी नाही हे नशीबच समज. सल्ले देणाऱ्या सगळ्या माझ्याच मैत्रिणी, चळवळीत केस पांढरे झालेल्या. त्यांच्याविषयी आदर ठेवूनच मला आज या जुळवून घेण्याविरुद्ध लिहायचे आहे.

शिक्का, चेकबुक आणि जीप

मी एम. एस. डब्ल्यू. झालेली, पस्तिशीची कार्यकर्ती. दोन-तीन संस्थांत काम केल्यावर जून २०२५ मध्ये इथे रुजू झाले. संस्थेचे नाव लिहीत नाही. एका संस्थेला झोडपून प्रश्न संपणार नाही, आणि हे वाचताना आपापल्या संस्थेचा चेहरा अनेकींना दिसेल याची मला खात्री आहे.

पहिल्या दिवशी साहेबांनी अगत्याने चहा पाजला. किल्ल्यांचा जुडगा माझ्या हातात दिला. “तुम्ही अनुभवी आहात, सांभाळून घ्याल,” म्हणाले आणि दुपारी पुण्याला निघून गेले. पुन्हा उगवले ते एकविसाव्या दिवशी! आल्या आल्या हजेरीपटावर मागच्या एकवीस दिवसांच्या सह्या एका दमात केल्या. त्याच पटावर तिघी क्षेत्र कार्यकर्त्या सकाळी दहाच्या आत सही करतात. एखादीची गाडी चुकून साडेदहा झाले तर अर्धी रजा पडते.

साहेब जाताना तीन गोष्टी बरोबर नेत: संस्थेचा शिक्का, चेकबुक आणि जीप. मागे उरायच्या आम्ही चौघी, साफसफाईला येणाऱ्या मावशी, आणि एक मोबाईल. या मोबाईलचा महिमा वेगळाच. साहेब इथे नसतात, पण त्यांचे विचारणे दिवसभर चालू असते. बैठकीला किती बाया आल्या? फोटो पाठवा. बॅनर दिसत नाही, पुन्हा काढा. निर्णय विचारला की मात्र “मी आलो की बघू”. म्हणजे देखरेख चोवीस तास आणि जबाबदारी एक तासाचीही नाही.

आणखी एक गोष्ट मला टेबलाच्या खणात सापडली. संस्थेच्या नावाचे कोरे कागद, खाली साहेबांची सही आणि शिक्का तयार. चौदा कागद होते, मी मोजले. निधी देणाऱ्यांना अहवाल वेळेत जावेत म्हणून ही सोय. वर काय लिहायचे ते आम्ही लिहायचे. जुलैचा अहवाल मीच लिहिला. ‘संचालकांच्या मार्गदर्शनाखाली दोन बैठका झाल्या’ हे वाक्य माझ्याच अक्षरातले आहे. बैठका झाल्या होत्या. मार्गदर्शन नव्हते. हे इथे लिहिते आहे, कारण दुसऱ्याच्या खोटेपणावर बोट ठेवताना स्वतःचे लपवणे बरे नव्हे.

नऊ दिवस

ऑगस्टात सीनाकाठच्या एका गावातून एक बाई चार वर्षांच्या मुलाला घेऊन आली. हातावर तापल्या उलथण्याचा चटका होता. माहेरी आई नाही, भावाने दार उघडले नाही. आम्ही तिला उपजिल्हा रुग्णालयात नेले, मलमपट्टी करून आणली आणि तिची हकिगत लिहून घेतली.

आमची संस्था २००५ च्या घरगुती हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखाली सेवा पुरवणारी म्हणून नोंदलेली आहे. कलम १० प्रमाणे अशा संस्थेला बाईच्या इच्छेनुसार घरगुती घटनेचा अहवाल नोंदवून तो न्यायदंडाधिकारी आणि संरक्षण अधिकारी यांच्याकडे पाठवता येतो. अहवाल मी त्याच दुपारी पूर्ण केला. सही-शिक्क्याची जागा तेवढी मोकळी राहिली. साहेबांना फोन केला. “दोन दिवसांत येतोच आहे. तोवर थांबवा. माझ्याशिवाय कोर्टात काही पाठवायचे नाही.” खणात चौदा सह्या तयार होत्या, पण त्या निधीच्या कागदांसाठी होत्या!

दोन रात्री ती मावशींच्या घरी राहिली. तिसऱ्या दिवशी साहेबांची बैठक लांबली. चौथ्या दिवशी दीर आणि गावातले दोन जाणते आले, गोड बोलले, पोराला खाऊ दिला. तिने माझ्याकडे पाहिले. माझ्याकडे सांगण्यासारखे एकच वाक्य होते, आणि ते तिचे पाठ झालेले होते. ती त्यांच्याबरोबर गेली.

नवव्या दिवशी साहेब आले. शिक्का उमटला. तो कागद घेऊन मी तिच्या गावी गेले, तर तिने उंबऱ्यातूनच हात जोडले. “राहू द्या ताई. माज्यापायी तुमाला लई तरास झाला.”

मैत्रिणींनो, त्रास तिला झाला होता. माफी तिने मागितली.

आता जे लिहिते ते लिहायला जड जाते. त्या शिक्क्याची गरजच नव्हती. कलम १२ प्रमाणे पीडित बाई स्वतः न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करू शकते. असा अर्ज आल्यावर पहिली तारीख साधारणपणे तीन दिवसांच्या आत ठेवावी, असे कायदाच सांगतो. संरक्षण अधिकाऱ्याचा घटनेचा अहवाल नसला तरी न्यायालय आदेश देऊ शकते, हे सर्वोच्च न्यायालयाने १२ मे २०२२ रोजी प्रभा त्यागी खटल्यात स्पष्ट केलेले आहे. इतकेच नव्हे, तिला हा हक्क समजावून सांगणे हे कलम ५ प्रमाणे आमचे कर्तव्य होते. मला हे ठाऊक नव्हते का? ठाऊक होते. प्रशिक्षणांत इतर कार्यकर्त्यांना मी ते शिकवलेही आहे. तरी नऊ दिवस मी शिक्क्याची वाट पाहिली. “माझ्याशिवाय काही पाठवायचे नाही” या एका वाक्यापुढे संसदेने केलेला कायदा माझ्या डोक्यातून पुसला गेला.

नवी नोकरी होती, मला ती टिकवायची होती. घरभाडे होते, मुलीची फी होती. हे कारण खरे आहे. पण पुरेसे नाही.

खुर्ची रिकामी, सत्ता शाबूत

गैरहजर साहेब म्हणजे ढिलाई, आळस, बेशिस्त असे आपण समजतो. म्हणून उपायही हजेरीचे सुचवतो: अंगठ्याचे मशीन लावा, नोटीस काढा. माझे म्हणणे असे की ही ढिलाई नाही, ही कामाची वाटणी आहे. सही एकाकडे, राबणे दुसरीकडे. श्रेय वर, शिव्या खाली. साहेब नसताना त्यांचा अधिकार कमी होत नाही, उलट वाढतो, कारण प्रत्येक कागद त्यांच्यासाठी थांबतो. त्यांच्या नसण्याची किंमत मात्र त्यांना मोजावी लागत नाही. ती आम्ही मोजतो, आणि आमच्याहून जास्त ती दारातून परत जाणारी बाई मोजते.

परंड्याच्या भुईकोट किल्ल्यावर एके काळी मलिक-ए-मैदान ही अजस्र तोफ होती. १६३२ साली ती विजापूरला नेली. बुरूज इथेच राहिले. आमच्या केंद्राचेही तेच झाले आहे. मारा झेलायला आम्ही इथे, आणि तोफ पुण्यात.

ही वाटणी आपल्याला नवी नाही. आपल्या घरांतून ती चालत आली आहे. या तालुक्यातल्या किती घरांत नवरा पुण्या-मुंबईला कामाला आहे आणि शेत बाई बघते! पेरणी तिची, खुरपणी तिची, सोसायटीत खेटे तिचे. सातबारा मात्र त्याच्या नावावर, म्हणून कर्ज त्याच्या सहीने, नुकसानभरपाई त्याच्या खात्यावर. शेतकरी संघटनेने १९९० च्या सुमारास लक्ष्मीमुक्तीची मोहीम चालवली ती या एका गोष्टीसाठी, की राबणारीचे नाव कागदावर यावे. नाव कागदावर नसेल तर राबण्याला कोणी मालकी म्हणत नाही.

ग्रामपंचायतीत याचेच उलटे रूप दिसते. महाराष्ट्रात २०११ पासून पंचायतींत बायांना निम्म्या जागा आहेत. तिथे खुर्ची बाईची, आणि सही कुठे करायची ते सांगणारा ‘सरपंचपती’ शेजारी. आपल्या संस्थांत खुर्ची साहेबांची आणि काम बाईचे. दोन्हीकडे काम आणि अधिकार यांची फारकत केलेली आहे. सरपंचपतीवर आपण मोर्चे काढतो. संस्थेतल्या साहेबांना मात्र दिवाळीचा फराळ नेऊन देतो.

वरपासून खालपर्यंत

संस्थांचे सोडा, शासन काय करते? बायांच्या प्रश्नांसाठी ज्या खुर्च्या मांडल्या त्याच रिकाम्या ठेवण्याची इथे रीत आहे. राज्य महिला आयोग १९९३ साली स्थापन झाला. २००९ नंतर सुमारे चार वर्षे आयोगाला अध्यक्ष नव्हत्या. फेब्रुवारी २०२० मध्ये ते पद पुन्हा रिकामे झाले, ते ऑक्टोबर २०२१ पर्यंत भरले गेले नाही. तो काळ आठवा! टाळेबंदीत बाई मारणाऱ्याबरोबर एकाच घरात कोंडलेली होती, राष्ट्रीय आयोगाकडे तक्रारी वाढल्या होत्या, आणि महाराष्ट्राच्या आयोगाची मुख्य खुर्ची रिकामी होती. एखाद्या कारखान्याचे किंवा महामंडळाचे अध्यक्षपद वीस महिने रिकामे राहिले असते का? त्यासाठी रात्रीत सरकारे हलली असती.

संरक्षण अधिकाऱ्यांची कथा तीच. घरगुती हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यानंतर जवळपास एकोणीस वर्षांनी, २० मे २०२५ रोजी, सर्वोच्च न्यायालयाला राज्यांना सांगावे लागले की जिल्हा आणि तालुका पातळीवर महिला व बालविकास खात्यातले अधिकारी निश्चित करून त्यांना संरक्षण अधिकारी म्हणून नेमा, आणि जिथे नेमले नाहीत तिथे सहा आठवड्यांत नेमा. कायद्याचा कणा म्हणजे हा अधिकारी. तो नेमा, हे सांगायला इतकी वर्षे!

बरे, नेमलेल्या अधिकाऱ्याने काम केले नाही तर? कलम ३३ मध्ये शिक्षा आहे. न्यायदंडाधिकाऱ्याने संरक्षण आदेशात सांगितलेले कर्तव्य सबळ कारणाशिवाय टाळले तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे वाचून बरे वाटते. मग कलम ३४ वाचावे. राज्य शासनाची किंवा शासनाने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याची पूर्वपरवानगी असल्याशिवाय असा खटलाच भरता येत नाही. म्हणजे साहेबाविरुद्ध जायचे तर आधी मोठ्या साहेबांची सही आणा. ते बाहेर गेलेले नसतील तर!

मी त्या पदांवरच्या माणसांना सरसकट दोष देत नाही. एकाच माणसाकडे दोन-दोन, तीन-तीन ठिकाणचा ‘अतिरिक्त कार्यभार’ असतो आणि ती स्वतःही अनेकदा कंत्राटी बाईच असते. रिकाम्या पदाचा दोष हजर असलेल्या कर्मचाऱ्याच्या माथी मारणे हाही या खेळाचाच भाग आहे. पद भरून गैरहजर राहणारा आणि पदच न भरणारा यांत फरक करायला हवा. पहिल्याला जाब विचारायचा तो संस्थेत, दुसऱ्याला मंत्रालयात.

गैरहजर वरिष्ठाची सर्वात भयंकर किंमत कोणी मोजली ते आपण विसरता कामा नये. राजस्थानात भटेरी गावची भंवरीदेवी सरकारच्या महिला विकास कार्यक्रमात ‘साथिन’ होती. बालविवाह थांबवा, हे काम तिला सरकारने सांगितले होते. ते तिने केले. १९९२ च्या सप्टेंबरात तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. १९९५ साली खालच्या न्यायालयाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडले. जोखमीच्या कामाला तिला गावात धाडणारा मालक, म्हणजे सरकार, त्या वेळी कुठे होते? हाच प्रश्न घेऊन स्त्रीसंघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या आणि १३ ऑगस्ट १९९७ रोजी विशाखा निकाल लागला. कामाच्या जागी बाईच्या सुरक्षिततेची जबाबदारी मालकाची आहे, हे तेव्हा प्रथम ठसवले गेले. २०१३ च्या कायद्याने कामानिमित्त बाई जिथे जाते ती जागाही कामाची जागा मानली आहे. मग माझी क्षेत्र कार्यकर्ती संध्याकाळी सातला फाट्यावर वडापची वाट बघत उभी असते आणि संस्थेची जीप पुण्यात असते, तेव्हा तो फाटाही साहेबांच्या जबाबदारीचीच जागा आहे.

तीन युक्तिवाद

मी हे बोलू लागले तेव्हा तीन उत्तरे मिळाली. ती टाळून पुढे जाणे योग्य नाही.

पहिले: साहेब फिरतात म्हणून निधी येतो, निधी येतो म्हणून तुमचा पगार होतो. अगदी मान्य. निधीसाठी फिरावेच लागते, आणि ते काम सोपे नाही. पण मग फिरणाऱ्याने शिक्का कशाला फिरवावा? बाहेरचे काम तुम्ही करा, इथला अधिकार इथे ठेवा. दोन्ही हातात धरून ठेवायचे आणि वर त्यागाची भाषा करायची, हे चालणार नाही.

दुसरे: डोक्यावर कोणी नाही, तुम्हाला मोकळीकच आहे की! ही मोकळीक मी उपभोगली आहे. रडणारी बाई समोर आहे, रात्री तिला कुठे ठेवायचे ते मीच ठरवायचे, गाडीभाडे मीच पदरचे घालायचे, आणि उद्या काही बिघडले तर “तुम्हाला कोणी सांगितले होते?” हे मीच ऐकायचे. अधिकार नसलेली मोकळीक म्हणजे नुसते ओझे. हाताखालच्या बाईला स्वातंत्र्य द्यायचे असेल तर ते लेखी द्या.

तिसरे: साहेबांच्या जागी बाई असती तर तुम्ही असे लिहिले असते का? हा प्रश्न मला सर्वात जास्त टोचला. कारण अशा बाया मी पाहिल्या आहेत. दिल्ली-मुंबईच्या परिसंवादांत ग्रामीण स्त्रीच्या आवाजाविषयी बोलणाऱ्या, आणि आपल्या केंद्रातल्या ग्रामीण कार्यकर्तीचे आडनाव आठवण्यासाठी थांबणाऱ्या ताई आपल्याकडेही आहेत. त्यांना हा लेख लागू आहे. खुर्चीवर बसणारी बाई झाली म्हणून खुर्ची आपोआप बदलत नाही. ती बदलावी म्हणून तर आपण चळवळीत आलो.

सांभाळून घेणे पुरे

सप्टेंबर २०२५ मध्ये सीनेला पूर आला. परंडा तालुक्यातल्या नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, छपरांवर अडकलेल्या माणसांना हेलिकॉप्टरने काढावे लागले. त्या दोन दिवसांत साहेबांचा फोन लागत नव्हता. आम्ही चौघींनी शाळेत उतरलेल्या बायांची यादी केली. धान्य सगळेच आणत होते, म्हणून आम्ही परकर, पॅड आणि लहानांच्या दुधाची सोय बघितली, उसनवारीने केली. एका गरोदर बाईला ट्रॅक्टरवरून दवाखान्यात पोचवले. कोणाला विचारले नाही, कारण विचारायला कोणी नव्हते. तिसऱ्या दिवशी साहेब टेम्पो आणि बॅनर घेऊन आले. त्या रात्री आमच्यातली सर्वात लहान कार्यकर्ती म्हणाली, “ताई, दोन दिस कुणाला न विचारता समदं झालं की वो!”

झाले होते. कोणतेही आभाळ कोसळले नव्हते. उसनवारीचे हिशेबही आम्ही पैशापैशाचे लिहून ठेवले होते. मग ऑगस्टात मी का थांबले होते?

मी थांबले होते, कारण सांभाळून घेणे हा माझा गुण आहे असे मला लहानपणापासून शिकवले गेले. नवरा उशिरा आला की सासूला काहीतरी सांगावे, बाप पिऊन पडला की पाहुण्यांना ‘ताप आलाय’ म्हणावे. तीच विद्या मी ऑफिसात वापरत होते. “साहेब बाहेर गेलेत” हे वाक्य म्हणजे दुसरे काय? साहेब कुठे गेलेत, कधी येणार, त्यांच्या जागी कोण, यांतले काहीच न सांगता त्यांची अब्रू झाकणारे वाक्य! आपण सांभाळून घेतो, अहवाल वेळेत जातो, फोटो छान येतात, म्हणूनच वरच्यांना गैरहजर राहणे परवडते. त्यांची गैरहजेरी आपल्या कष्टांवर पोसलेली आहे.

ऑक्टोबरात आम्ही चौघींनी मिळून संस्थेच्या कार्यकारी मंडळाला लेखी पत्र दिले. एकटीने दिले असते तर ‘नवीन बाई भांडखोर आहे’ एवढ्यावर भागले असते. पत्रात भावना लिहिल्या नाहीत, तारखा लिहिल्या. साहेब कोणत्या दिवशी हजर होते, कोणत्या दिवशी कोणते काम अडले, कोणती बाई किती दिवस थांबली. सह्या केलेले उरलेले कोरे कागदही आम्ही सोबत जोडले आणि यापुढे असे कागद भरणार नाही असे कळवले.

काय मिळाले? शिक्का परंड्यात राहू लागला. तातडीच्या खर्चासाठी तीन हजार रुपये केंद्रात ठेवायला मिळाले. घटनेच्या अहवालावर माझी सही चालेल असे पत्र मिळाले. साहेबांनी ठरलेल्या वारी केंद्रात बसावे, ही मागणी ‘कामाचे स्वरूप’ म्हणून फेटाळली. मला वर्तनाबद्दल समज देणारे पत्रही आले. वार्षिक वाढ थांबली आहे. हे सगळे सांगते, कारण लढलो आणि जिंकलो अशी गोष्ट सांगून मला कोणाला फसवायचे नाही.

डिसेंबरात ती सीनाकाठची बाई पुन्हा आली. या वेळी मनगट मोडलेले. तिने दारातून रिकामी खुर्ची पाहिली, आणि मी ते वाक्य बोलले नाही. “आत या, बसा. लिहून घेऊ,” एवढेच म्हणाले. तिचा अर्ज तिच्याच अंगठ्याने न्यायालयात गेला. घटनेचा अहवाल मागाहून, आमच्या शिक्क्यानिशी गेला. तारखा सुरू आहेत. पण मधले चार महिने आणि तिचे मनगट, याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

१९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. समाजकार्याच्या विद्यार्थिनींना तो आजही शिकवतात. त्यातून मी घेतलेला धडा साधा आहे. बाई ज्या दारात येते त्याच दारात तिला निर्णय घेऊ शकणारी व्यक्ती भेटली पाहिजे. निरोप घेणारी आणि निरोप देणारी नव्हे.

म्हणून प्रत्येक गटात, प्रत्येक संस्थेत, आपल्या स्वतःच्या संघटनेतही काही गोष्टी ठणकावून मागू या. प्रमुख बाहेर असताना त्यांच्या जागी कोण, ते नाव लेखी असावे आणि दारावर लावावे. शिक्का आणि तातडीचा निधी तालुक्यात राहावा. कोऱ्या कागदावर सही करणाऱ्याला आणि त्यावर लिहिणारीलाही मंडळाने जाब विचारावा. हजेरीपट सर्वांना एकच असावा. जीप आधी क्षेत्रावर आणि मग परिसंवादाला जावी. शासनाकडे मागायचे ते असे: संरक्षण अधिकाऱ्यांची आणि आयोगाची पदे रिकामी होण्याआधीच भरली जावीत, आणि कलम ३४ ची ढाल काढून टाकावी.

आणि आपण स्वतः एक करू या. साहेब नसतील तेव्हा त्यांच्या वतीने लाजणे थांबवू या. दारात आलेल्या बाईला खरे सांगू या: “साहेब इथे नाहीत, कधी येतील ते त्यांनी सांगितलेले नाही. तुमचे काम त्यांच्यावाचून अडणार नाही. मी आहे.”

हे शेवटचे वाक्य खरे ठरेल इतका अधिकार मिळेपर्यंत हे भांडण चालू ठेवायचे आहे.